कुंपणाबाहेरचे पक्षी

१९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाली. त्यात करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांतली गावंच्या गावं आली. बाजारपेठा, उसाचे मळे, रस्ते, वस्त्या सगळं आलं. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी, बाकी लोकांच्या मालकीची शेतं. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, उद्योग काढायचा तर अडचण. लोकांनी वर्षानुवर्षं हे सोसलं आणि खापर पक्ष्यावर फोडलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हद्द नव्याने आखली गेली आणि १,२२२ चौरस किलोमीटर क्षेत्र उरलं. आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते.

भारतातल्या पक्षिसंरक्षणाचा आढावा घ्यायचा तर मला या फसलेल्या अभयारण्यापासून सुरुवात करावीशी वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या देशाला मोठी ताकद दिली. शिकारीला आळा बसला, देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पुढे पूर्ण बंदी आली, भरतपूरपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत जागा राखल्या गेल्या. हे मोल मी कमी लेखत नाही. पण नकाशावर रेघ मारून आत येईल ते वाचवायचं, ही रीत वाघाला जितकी लागू पडते तितकी पक्ष्याला पडत नाही. आपले बहुसंख्य पक्षी शेतात, गायरानात, गावतळ्यावर, खाडीच्या चिखलात जगतात. त्या जमिनीला मालक असतो, त्या पाण्यावर कुणाचं तरी पोट असतं. पक्षी राहील की जाईल हे शेवटी त्या माणसाच्या हातात असतं, आणि आपली धोरणं त्याच्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाहीत.

गिधाडांनी हे आपल्याला सगळ्यात कठोरपणे शिकवलं. १९८० च्या दशकापर्यंत गिधाडं इतकी होती की त्यांची मोजदाद करावी असं कुणाला वाटत नव्हतं. मग ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची अवस्थाही जवळपास तशीच. जगात कुठल्याही पक्ष्याची इतक्या वेगाने झालेली घसरण क्वचितच नोंदली गेली असेल. आधी रोगाचा संशय होता. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी २००४ साली खरं कारण प्रसिद्ध केलं: डायक्लोफेनॅक. गाईबैलांना सूज आणि वेदना कमी करण्यासाठी दिलं जाणारं हे स्वस्त औषध जनावराच्या मांसात राहतं, ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. या संशोधनातला एक हिशोब विसरता येत नाही. इतकी मोठी घसरण व्हायला शंभरातल्या एखाद्या मेलेल्या जनावरात, किंबहुना त्याहूनही कमी जनावरांत हे औषध असणं पुरेसं होतं. कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो.

आता यात अभयारण्य काय करणार? मरण गुरांच्या डॉक्टरच्या पिशवीतून येत होतं. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध हाताशी होतं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या दोन औषधांवरही बंदी आली. हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने गिधाडांची पैदास केली आणि तिथली काही गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. रायगडच्या म्हसळा तालुक्यात आणि गडचिरोलीत गावकऱ्यांच्या मदतीने मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठराविक जागी ठेवण्याचं काम बरीच वर्षं चाललं आहे. हे काम दिसायला साधं, पण त्यासाठी गावातल्या प्रत्येक घराने आपलं मेलेलं ढोर पुरायचं नाही, इकडे कळवायचं, हे मनावर घ्यावं लागतं.

गिधाडं गेल्याचं मोल माणसांनीही मोजलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने अंदाज मांडला की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे भारतात दरवर्षी सुमारे एक लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले. सडणारी मढी, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि त्यांच्याबरोबर पिसाळण्याचा रोग, अशी ही साखळी. पक्ष्यांवर पैसा कशाला, असं विचारणाऱ्याला मी हा आकडा सांगते.

गिधाडांचा मारेकरी निदान ओळखता आला. माळरानाचा मारेकरी ओळखणं अवघड आहे, कारण तो बहुतेकदा चांगल्या हेतूने येतो. महसुली दप्तरात माळ म्हणजे पडीक. तिथे झाड नाही, म्हणून तिथे काही नाही, असं आपण धरून चाललो. कुसळी, पवन्या, मारवेल यांनी भरलेला माळ म्हणजे हजारो वर्षांत घडलेली स्वतंत्र परिसंस्था आहे. चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, हिवाळ्यात येणारे भोवते ससाणे, लांडगा, चिंकारा, खोकड या सगळ्यांचं ते घर आहे. कमी पावसाच्या प्रदेशात तिथे जंगल कधी नव्हतंच. तरी वृक्षारोपणाच्या मोहिमांना मोकळी जागा हवी असते आणि ती माळावर सापडते. महाराष्ट्रात २०१९ साली एका हंगामात ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. माळावर ग्लिरिसिडियाची रोपं ओळीने लागली की गवत मागे हटतं, आणि उघड्यावर घरटं करणाऱ्या, दूरवर नजर टाकून शत्रू हेरणाऱ्या पक्ष्याला तिथे असुरक्षित वाटू लागतं. झाड लावणं हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजाला अमुक ठिकाणी झाड लावू नका म्हणून सांगणं किती कठीण आहे, हे मला माहीत आहे. पण सांगायलाच हवं.

आता माळावर दुसरा पाहुणा आला आहे. सौरऊर्जेसाठी सपाट, उन्हाची, स्वस्त जमीन हवी; कृषिपंपांना दिवसा वीज देण्याच्या राज्याच्या योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी नाममात्र भाडेपट्ट्याने दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला रात्री पाणी धरायला लागू नये, हे उद्दिष्ट रास्तच आहे. मात्र कुठलं गायरान खरोखर उजाड आहे आणि कुठल्या गायरानात धाविक अंडी घालतो, हे आधी पाहिलं जात नाही. त्या जमिनीवर मेंढ्या चारणाऱ्या धनगरालाही कुणी विचारत नाही.

माळढोकाच्या बाबतीत हा संघर्ष राजस्थानात टोकाला गेला. नर माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो, त्याची नजर समोरपेक्षा बाजूला अधिक आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. विजेच्या तारा त्याला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. मादी साधारणपणे वर्षाला एक अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे तारेवर मेलेला प्रत्येक पक्षी भरून निघायला फार काळ लागतो. १९६९ च्या सुमारास देशात १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आज उरलेत ते दीडशेच्या आसपास आणि बहुतेक थरच्या वाळवंटात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात विजेच्या तारांमुळे वर्षाला ८४,००० च्या घरात पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामानबदलाविरुद्धच्या लढाईत सौरऊर्जेची गरजही मान्य केली. दोन्ही बाजूंना पर्यावरणच आहे, हे या खटल्याचं वेगळेपण. माझं मत स्पष्ट आहे. सौर प्रकल्पाला जागा निवडता येते, माळढोकाला ती निवड उरलेली नाही. जिथे त्याची वीण होते तिथल्या तारा कितीही खर्च आला तरी जमिनीखाली गेल्याच पाहिजेत. राजस्थानात सम आणि रामदेवरा इथे कृत्रिम पैदास यशस्वी होते आहे, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. पण ही पिल्लं मोठी होऊन पुन्हा त्याच तारांच्या जाळ्यात सोडायची असतील, तर एवढ्या कष्टांचा काय उपयोग?

तणमोर हा माळढोकाचा लहान भाऊबंद. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून सरळ वर उडी मारतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. दिवसभरात शेकडो उड्या. देशभरात आता काहीशेच उरलेला हा पक्षी अकोला-वाशिमच्या गवताळ पट्ट्यात आणि सोयाबीनच्या शेतांत अजून येतो. त्याच्याविषयी सगळ्यात जास्त ठाऊक आहे ते फासेपारधी समाजाला. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून तित्तिर, लावे, तणमोर पकडणारी ही माणसं. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं आणि स्वातंत्र्यानंतरही समाजाने त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिलं. वाशिमच्या काही गावांत याच पारध्यांनी गवताचे पट्टे राखायला घेतले. चराईचे नियम त्यांनी ठरवले, आगीपासून गवत वाचवलं, तणमोराच्या नोंदी ठेवल्या. पक्ष्याचं नेमकं ठिकाण ज्याच्या वाडवडिलांना पोटासाठी शोधावं लागलं, त्याच्याइतका तरबेज पाहणारा दुसरा कोण मिळणार? शेजारच्या मध्य प्रदेशात, रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याला, आपल्या शेतात तणमोर असल्याचं कळवणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची रीत वनखात्याने सुरू केली होती. असं काही सोलापुरात वेळेवर झालं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

पाण्यावरच्या पक्ष्यांची कथा त्यामानाने आशेची आहे, निदान काही ठिकाणी. भीमेवर उजनी धरण झालं, गावं उठली, जमिनी बुडाल्या. त्या फुगवट्याच्या उथळ कडांवर भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, शेकाटे येऊ लागले. मासेमारी करणारे तरुण होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. आता त्यांतल्या कित्येकांना पक्ष्यांची नावं, येण्याचे महिने, बसण्याच्या जागा पाठ आहेत. पाऊस भरपूर झाला की हिवाळ्यातही धरण तुडुंब राहतं, चिखलाचे पट्टे उघडे पडत नाहीत आणि रोहित उशिरा येतात किंवा दुसरीकडे वळतात. म्हणजे होडीवाल्याचं त्या वर्षाचं उत्पन्न धरणाच्या पाणीपातळीवर ठरतं. पक्ष्याचं आणि माणसाचं भाग्य एकाच पातळीला बांधलेलं असणं, हेच मला संरक्षणाचं सगळ्यात पक्कं रूप वाटतं.

मुंबईजवळ ठाण्याच्या खाडीत मोसमात लाखाच्या वर रोहित उतरतात. शहराच्या सांडपाण्यावर वाढणारं शेवाळ त्यांना पोसतं, ही या महानगराची अजब देणगी. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. पण खाडीचा चिखल भरतीला पाण्याखाली जातो आणि तेवढे तास या पक्ष्यांना टेकायला दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे नवी मुंबईतली तळी, जी अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत आणि ज्यांच्यावर बांधकामाचा डोळा आहे. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तळं आटलं. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला धडकून ३९ रोहित मेले. रात्री थव्याने जागा बदलणाऱ्या पक्ष्याची एक जागा जरी हिरावली तरी त्याचा सगळा मार्ग बदलतो. खाडी राखली आणि तळी सोडली तर अर्धंच काम झालं.

पूर्व विदर्भाकडे पाहिलं तर वेगळंच चित्र. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांध त्यातला सर्वपरिचित. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून तो मराठी घरांत पोहोचला. यातल्या अनेक तलावांत गाळ साचला, बेशरम नावाची वनस्पती माजली, बाहेरचे मासे सोडले गेले आणि देशी वनस्पती नाहीशा झाल्या. ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतून बेशरम उपटून काढली, तळाची जमीन नांगरली आणि पूर्वी तिथे असलेल्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना मासे हवे होते. माशांबरोबर बदकंही परतली. याच जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्यांत सारस घरटं घालतो. गोंदियातल्या सारसांची संख्या अगदी थोडी उरली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आहे. न्यायालय यंत्रणेला जाब विचारू शकतं. पण धान कापताना सारसाच्या घरट्याभोवतालचा तुकडा सोडून देणारा शेतकरी ते आपल्या मनाने करतो, आणि त्या तुकड्याची भरपाई त्याला वेळेत मिळावी इतकी साधी सोय तरी व्हायलाच हवी.

एवढं सगळं आपल्याला कळतं ते नोंदींमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना १८८३ ची. आठ संस्थापकांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे सलीम अली यांनी १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक लिहून सामान्य माणसाच्या हाती पक्षिनिरीक्षण दिलं. नोंद खरी असणं किती मोलाचं, हे सांगणारी गोष्ट मात्र खानदेशातली आहे. रान पिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणी खात्रीने पाहिलं नव्हतं. रिचर्ड माइनर्ट्‌झागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ते १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा केला होता. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुना नमुना चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रान पिंगळा दिसला. मधल्या काळात पक्षी तिथेच होता. नंतर तो मेळघाटात चांगल्या संख्येने सापडला आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यात.

आज ही नोंद करण्याची ताकद मोबाईल असलेल्या कुणाकडेही आहे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर दिलेल्या तीन कोटींच्या वर नोंदींच्या आधारे. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या आहेत. नीलपंख, ज्याला आपण चास म्हणतो आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतो, तो झपाट्याने कमी होतो आहे. मोठा राखी खाटीक ८० टक्क्यांहून अधिक घटला. मोर मात्र वाढला आहे, कबुतरंही. सुटीच्या दिवशी दुर्बीण घेऊन भटकणाऱ्या हौशी माणसांनी देशाला दिलेलं हे ज्ञान आहे.

म्हणून पक्षी पाहण्याच्या आनंदाला मी चैन मानत नाही. पण या आनंदालाही शिस्त लागते. घरट्याशी तासन्‌तास कॅमेरे रोखणं, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून नराला पुन्हापुन्हा बोलावणं, ड्रोन उडवून थवा उठवणं, तणमोराचं ठिकाण समाजमाध्यमांवर उघड करणं, या सगळ्याने विणीचा हंगाम वाया जातो. पक्षी प्रेमाने मरू शकतो. आणि कबुतरांना पोत्याने दाणे घालणं, ज्यावरून २०२५ मध्ये मुंबईत एवढा वाद पेटला, त्याचा वन्य पक्ष्यांच्या रक्षणाशी काही संबंध नाही. तेच दाण्यांचे पैसे एखाद्या गावाच्या गवतासाठी गेले तर शेकडो जाती जगतील.

माणसं बदलत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी नागालँड आहे. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची जाळ्यांनी होणारी कत्तल उघड झाली. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी, असा अंदाज होता. ग्रामसभा, चर्च, वनखातं आणि स्वयंसेवी संस्था यांनी वर्षभर काम केलं आणि पुढच्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. तिथून निघालेले ससाणे नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात, म्हणजे दोयांगजवळच्या पांग्ती गावाने पाळलेल्या शब्दाचं फळ आपल्याही आकाशातून उडतं.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांदरम्यान, पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात पाणथळींवर गर्दी होते, शाळांच्या सहली निघतात, आणि ते चांगलंच आहे. पण माळावरचे पक्षी वीण करतात ते पावसाळ्यात, जेव्हा हौशी माणसं सह्याद्रीच्या धबधब्यांकडे गेलेली असतात. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम विदर्भातल्या कितीतरी तालुक्यांतून जुलै ते सप्टेंबर या महिन्यांच्या नोंदी फार तुरळक येतात. सौर प्रकल्पाची किंवा वृक्षारोपणाची फाइल त्या गायरानावर येते तेव्हा तिथे धाविक होता, चंडोल गात होता, तणमोर उडत होता, हे दाखवणारा एकही कागद नसतो. तेव्हा या ऑगस्टमध्ये जवळच्या एखाद्या गायरानावर सकाळी दोन तास जावं, तिथल्या मेंढपाळाशी बोलावं, दिसेल तो प्रत्येक पक्षी तारखेसह नोंदवावा आणि त्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीतही द्यावी.